पान लागलेला माणूस येतो तेव्हा: ग्रामीण रुग्णालयात सर्वांनी मिळून काम कसं करायचं

मृगाचा पाऊस पडतो, लावणीची लगबग सुरू होते आणि कोकणातल्या आमच्या कॅज्युअल्टीचा फोन रात्री-अपरात्री वाजायला लागतो. "सिस्टर, माणसाला पान लागलंय, घेऊन येतोय." सापाचं नाव घ्यायचं नाही म्हणून 'पान लागलं' म्हणतात. ते दोन शब्द ऐकले की आजही माझा हात आधी घड्याळाकडे जातो.

मी परिचारिका आहे. ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयांत माझी बावीस वर्षं गेली. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला साधारण ५८ हजार, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. यातली बहुतेक खेड्यापाड्यांतली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत जागा दिली. केंद्र सरकारनं २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला, त्यात २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरलं आहे. आराखडा दिल्लीत होतो, पण रुग्ण पहाटे तीन वाजता आमच्या दारात उतरतो. त्या वेळी तिथे असतात एक डॉक्टर, एक-दोन सिस्टर, एक मामा (वॉर्डबॉय), एक मावशी (आया) आणि १०८ रुग्णवाहिकेची माणसं. फार्मासिस्ट आणि लॅबवाले घरी झोपलेले असतात.

इतक्या वर्षांत मला जे सर्वांत जास्त सलतं ते असं: औषध कपाटात होतं, डॉक्टर हजर होते, तरी रुग्ण बिघडला, कारण एकाला दिसलेली गोष्ट दुसऱ्याच्या कानापर्यंत गेली नाही. म्हणून हा लेख. औषधोपचार डॉक्टर ठरवतील आणि शासनाच्या उपचारपद्धतीचा तक्ता भिंतीवर असतोच. आपण बघायचं ते इतकंच की त्या तक्त्यातली प्रत्येक ओळ कुणाच्या हातून, केव्हा आणि कुणाला सांगून पार पडेल.

मे महिन्यातच एकत्र बसा

पावसाळ्याच्या तोंडावर तासभर काढा. वैद्यकीय अधिकारी, सिस्टर, फार्मासिस्ट, लॅब टेक्निशियन, मामा, मावशी, १०८ वरचे डॉक्टर आणि चालक, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातली एखादी आरोग्यसेविका आणि दोन-तीन आशाताई, सगळे एका खोलीत हवेत. खुर्च्या गोल मांडा. मामा-मावशींना दाराशी उभं ठेवून घेतलेली बैठक मी पाहिली आहे. त्यातून काही निघत नाही.

या बैठकीतला पहिला प्रश्न: रात्री स्टोअरची किल्ली कुणाकडे? बऱ्याच ठिकाणी सर्पविषावरची लस, म्हणजे आमच्या भाषेत एएसव्ही, स्टोअरमध्ये कुलूपबंद असते आणि किल्ली फार्मासिस्टच्या घरी. यात फार्मासिस्टला बोल लावू नका, स्टॉकचा हिशेब त्याच्या सहीवर चालतो. तोडगा त्याच्याशी बोलून काढा. कॅज्युअल्टीच्या कपाटात लसीच्या किमान २० व्हायल (कुप्या) कायम राहतील, वापरलेल्या व्हायलची नोंद सिस्टर त्याच रात्री रजिस्टरमध्ये करेल आणि फार्मासिस्ट सकाळी आल्याआल्या तितक्या भरून देईल, असं ठरवून लिहून ठेवा. २० हा आकडा माझा. रुग्णाला सुरुवातीलाच १० व्हायल लागतात आणि पावसाळ्यात एका रात्रीत दोन रुग्ण येतात, म्हणून.

दुसरा प्रश्न काचेच्या नळीचा. रक्त गोठतंय का हे बघायला स्वच्छ, कोरडी, नवी काचेची टेस्ट ट्यूब लागते. हल्ली लॅबमध्ये सगळीकडे प्लास्टिकच्या ट्यूब आल्यामुळे काचेच्या नळ्या मागवायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. प्लास्टिकमध्ये किंवा साबणानं धुतलेल्या काचेत रक्त नीट गोठत नाही आणि निकाल फसवा येतो. लॅब टेक्निशियनला विनंती करा की त्यानं दहा-बारा नव्या नळ्या डब्यात घालून, 'फक्त सर्पदंश' अशी चिठ्ठी लावून कॅज्युअल्टीत द्याव्यात आणि चाचणी कशी करायची ते प्रत्येक सिस्टरला एकदा हातात नळी देऊन शिकवावं. रात्री तो नसतो, पण त्याचं ज्ञान हजर असलं पाहिजे.

फोन आला की

आशाताईंचं काम रुग्ण निघण्याआधी सुरू होतं. चावलेला हातपाय हाड मोडल्यासारखा स्थिर ठेवायचा, अंगठ्या-बांगड्या-पैंजण काढायचे, चिरा मारायचा नाही, रक्त चोखायचं नाही, रुग्णाला चालवायचं नाही. हे त्यांना पाठ असतं. त्यांच्याकडून आपल्याला आणखी एक गोष्ट हवी असते, ती म्हणजे वेळ. किती वाजता चावलं? "मघाशी" किंवा "दिवे लागणीला" असं उत्तर आलं तर "टीव्हीवर काय लागलं होतं? दूध काढून झालं होतं का?" असं विचारून तास पक्का करायचा.

साप कुठला याच्या मागे लागू नका. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर एकच असते. साप मारून पिशवीतून आणायच्या नादात दुसऱ्याला चावा बसतो. लांबून मोबाइलवर फोटो निघाला तर निघाला.

फोन ज्यानं घेतला त्यानं तो ठेवायच्या आत चार गोष्टी कागदावर लिहायच्या: चावल्याची वेळ, आत्ता काय होतंय, पोचायला किती वेळ, फोन करणाऱ्याचा नंबर. मग डॉक्टरांना उठवायचं. रुग्ण आल्यावर उठवू असा विचार करू नका. तुमच्या त्या चांगुलपणाची किंमत रुग्ण मोजतो.

पहिली पाच मिनिटं: प्रत्येक काम नावानिशी

"कुणीतरी सलाइन लावा" या वाक्यानं सलाइन लागत नाही. तिघे धावतात, नाहीतर कुणीच नाही. फोन आणि रुग्ण यांच्यामध्ये जी दहा-वीस मिनिटं मिळतात त्यांत डॉक्टरांनी नावं घेऊन कामं वाटावीत. रात्रपाळीला माणसं मोजकीच असतात, म्हणून मी असं बसवते.

डॉक्टर डोक्याशी: श्वास, पापण्या, मान, निर्णय. पहिली सिस्टर हाताशी: शीर धरणं, रक्त घेणं, औषध देणं. दुसरी सिस्टर किंवा ब्रदर टेबलाशी: व्हायल तयार करणं, घड्याळ आणि कागद सांभाळणं. मामांकडे ऑक्सिजन सिलिंडर, सक्शन आणि दाराची गर्दी. मावशींकडे रुग्णाचे कपडे, लघवीचं भांडं आणि बायकामाणसांना धीर. १०८ वरून आलेले डॉक्टर रुग्ण खाटेवर ठेवल्यावर लगेच निघत नाहीत. अर्ध्या मिनिटात काय पाहिलं, काय दिलं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतात, आणि तोवर बाकीचे गप्प बसतात.

या वेळी मामांच्या बाबतीत एक गोष्ट आधीच शिकवलेली हवी. रुग्णाच्या पायाला सुंभ किंवा साडीची किनार करकचून बांधलेली असते. ती बघवत नाही म्हणून मामा चटकन कात्री चालवतात. बंध एकदम सुटला तर अडलेलं विष झपाट्यानं अंगात पसरू शकतं. शीर धरली, औषध हाताशी आलं, डॉक्टर "आता" म्हणाले, की मगच बंध सोडायचा. हे मामांना फक्त हुकूम म्हणून सांगू नका, कारणासकट सांगा. कारण कळलेला मामा पुढच्या वेळी नवख्या डॉक्टरलाही आठवण करून देतो.

काचेची नळी आणि वीस मिनिटं

सगळ्या टीमचं खरं काम या नळीभोवती चालतं, म्हणून इथे जरा थांबते.

साधारण २ मिलिलिटर ताजं रक्त नळीत घ्यायचं, स्टँडमध्ये उभी ठेवायची आणि वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. वीस मिनिटांनी एकदाच तिरकी करायची. रक्त ओघळलं तर गोठलेलं नाही, म्हणजे घोणस किंवा फुरशाचं विष रक्तात उतरलंय. गोठलं असेल तरी हायसं वाटून घ्यायचं नाही. पहिले तीन तास दर तासाला आणि नंतर दर सहा तासांनी, चोवीस तास होईपर्यंत पुन्हा बघायचं.

ऐकायला सोपं आहे. पण रात्री काय होतं ते सांगते. एक जण नळी ठेवतो, दुसरा "गोठलं का" म्हणून सातव्या मिनिटाला हलवून बघतो. किंवा नळी ठेवणारी सिस्टर लेबर रूममध्ये जाते आणि नळी पाऊण तास तशीच राहते. म्हणून आमच्याकडे ट्यूबवर पांढरी चिकटपट्टी लावतात, तिच्यावर रुग्णाचं नाव, ठेवल्याची वेळ, बघायची वेळ आणि बघणाऱ्याचं नाव. "२:४०, बघायची ३:००, सुनंदा" इतकंच. त्या नावाखेरीज नळीला कुणी हात लावत नाही. मोबाइलवर गजर लावायचा, तोही नळी ज्याच्या नावावर त्याच्याच मोबाइलवर.

ही वीस मिनिटं रिकामी नसतात. डॉक्टर दर थोड्या वेळानं पापण्या बघतात, मान उचलायला लावतात, एका श्वासात किती आकडे मोजता येतात ते ऐकतात. टेबलावरची सिस्टर तेच आकडे कागदावर चढवते. पंचविसावरून अठरावर आणि मग अकरावर आलेला आकडा एकट्या माणसाच्या लक्षात राहत नाही, कागदावर मात्र डोळ्यांत भरतो. मण्यार बहुतेकदा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, जागा दुखत नाही, सुजत नाही, खूण सापडत नाही. पोटात दुखतंय, उलटी झाली, आणि मग नातेवाईक म्हणतात, "त्याला आता झोप लागलीय, झोपू द्या." ही झोप नसते. पापण्या उचलायची ताकद गेलेली असते. सोबत बसलेल्या माणसाला आधीच सांगून ठेवा की डोळे मिटायला लागले, आवाज जड झाला, लाळ गिळता येईना, तर ओरडून आम्हाला हाक मारा. तो माणूसही त्या रात्री आपल्या टीममध्येच असतो. आणि असा रुग्ण हलू शकत नसला तरी त्याला सगळं ऐकू येत असतं. त्याच्या खाटेशी "वाचेल का" अशी चर्चा करू नका. त्याचं नाव घेऊन त्याच्याशी बोलत राहा.

कोकणाला हे नवं नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांजवळ तासन् तास बसून लक्षणं टिपली आणि त्यातून प्राझोसिनचा उपचार पुढे आला. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. साध्या दवाखान्यातलं खाटेजवळचं निरीक्षण किती मोलाचं असतं याचं त्याहून जवळचं उदाहरण मला माहीत नाही.

दहा व्हायल, चार हात

लस द्यायची ठरली की दहा व्हायल एकदम लागतात. लहान मुलालाही तितक्याच, कारण सापानं विष वजन बघून टोचलेलं नसतं. व्हायल पावडरची असेल तर प्रत्येकीत पाणी घालून हलकेच फिरवत विरघळवायची. जोरजोरात हलवली तर फेस होतो. एकट्या सिस्टरला याला बराच वेळ जातो, म्हणून दोन माणसं बसवा: एक पाणी भरेल, दुसरा फिरवेल. रिकाम्या व्हायल ट्रेमध्येच ठेवा. शेवटी मोजायला त्याच उपयोगी पडतात.

सलाइनमधून तासाभरात लस जाते. पहिली पंधरा मिनिटं एक माणूस खाटेपासून हलणार नाही, हा नियम कितीही गर्दी असली तरी मोडायचा नाही. खाज, अंगावर पित्त, थंडी वाजणं, खोकला, छातीत घरघर, उलटी, बीपी उतरणं, यातलं काहीही दिसलं तर खाटेजवळच्या त्या माणसानं आधी लस बंद करायची आणि मग हाक मारायची. परवानगीची वाट बघायची नाही. हे डॉक्टरांनी सगळ्यांसमोर एकदा तोंडानं सांगितलेलं असलं की सिस्टरचा हात अडखळत नाही.

अशा वेळी ॲड्रेनॅलिन लागतं, म्हणून ते आधीच सिरिंजमध्ये भरून, नाव लिहून ट्रेमध्ये ठेवलेलं असतं. आपल्याकडच्या ॲम्प्युलमध्ये १ मिलिग्रॅम असतं, मोठ्या माणसाला मांडीत अर्धा मिलिग्रॅम द्यायचं असतं. "अर्धं दे" आणि "एक दे" यांत गडबडीत गफलत होते. तोंडी हुकूम असा व्हायला हवा. डॉक्टर: "ॲड्रेनॅलिन, अर्धा मिलिग्रॅम, मांडीत." सिस्टर: "अर्धा मिलिग्रॅम, मांडीत, देते." मग: "दिलं, तीन वाजून बारा." कागदवाला लिहितो. फोनवर आकडे सांगताना तर आणखी जपून. आपल्या मराठीत एकोणीस आणि एकोणतीस, साठ आणि सात ऐकण्यात चुकतात. "एक-नऊ" असं सुटं सांगा.

थांबा म्हणायची मुभा

वेदनेनं कळवळणारा रुग्ण पाहिला की हात डायक्लोफेनॅककडे जातो, आणि जखम पाहिली की टीटीच्या (धनुर्वाताच्या) इंजेक्शनकडे. दोन्ही आमच्या हातात बसलेल्या सवयी आहेत. रक्त गोठत नसलेल्या माणसाला डायक्लोफेनॅकसारखं औषध रक्तस्राव वाढवतं आणि स्नायूत टोचलेल्या सुईच्या जागीही रक्त साचतं. टीटी नंतर देता येतं. वेदनेला पॅरासिटामॉल आहे.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी हे होताना पाहिलं. डायक्लोफेनॅक लिहिलेलं होतं, मला शंका आली होती, सर दमलेले आणि चिडलेले होते. मी गप्प बसले आणि टोचलं. सकाळी त्या कुल्ल्यावर ताटाएवढा काळानिळा डाग होता. माणूस वाचला, पण तो डाग मी विसरलेले नाही.

तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीला मी तीन वाक्यं पाठ करायला लावते. पहिलं, विचारणारं: "सर, ट्यूब अजून बघायची आहे, तरी द्यायचं का?" उत्तर आलं नाही तर दुसरं: "सर, मला काळजी वाटते, रक्तस्राव वाढेल." तरीही नाही तर तिसरं: "सर, थांबा." 'थांबा' हा शब्द कुणीही उच्चारला, मावशीनं उच्चारला तरी, सगळ्यांचे हात दहा सेकंद थांबतात. ही मुभा डॉक्टरांनीच द्यायची असते, मे महिन्याच्या त्या बैठकीत, सगळ्यांदेखत. आणि कुणी चुकून 'थांबा' म्हटलं तर "बरं झालं विचारलंस" इतकंच उत्तर. एकदा जरी खेकसलात तरी पुढचं वर्षभर कुणी तोंड उघडणार नाही.

लघवीचं भांडं

एका रुग्णालयात घोणस चावलेला एक शेतकरी होता. लस वेळेवर गेली, नळीतलं रक्त गोठलं, सगळे निर्धास्त झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा चेहरा सुजलेला दिसला तेव्हा कळलं की रात्रभरात त्याला लघवी अगदी थोडी आणि काळ्या चहासारखी झाली होती. मावशींनी ती पाहिली होती आणि भांडं धुऊन ठेवलं होतं. नंतर विचारलं तर म्हणाल्या, "बाई, मला कुणी सांगितलंच नव्हतं की ते बघायचं असतं." त्यांच्यावर चिडायला मला तोंड नव्हतं. त्याला डायलिसिससाठी जिल्ह्याला पाठवावं लागलं.

घोणशीच्या विषानं मूत्रपिंडं बसतात आणि त्याची पहिली खबर त्या भांड्यात असते. म्हणून आता मावशींकडे खुणांचं मापाचं भांडं असतं. लघवी टाकण्याआधी त्या सिस्टरला दाखवतात, सिस्टर माप आणि रंग लिहिते. मावशींना अक्षर येत नसेल तर भिंतीवर तीन रंगांच्या पट्ट्या लावा. ज्याचं निरीक्षण तक्त्यावर चढतं तो ते पुढच्या वेळी आपणहून सांगतो. पाळी बदलताना हाच तक्ता हातात धरून, रुग्णाच्या खाटेशी उभं राहून हँडओव्हर द्या. टेबलाशी बसून दिलेल्या हँडओव्हरमध्ये "सात नंबर, साप, बरा आहे" एवढंच उरतं.

पुढे पाठवायचं झालं तर

श्वास मंदावतोय, लघवी होत नाही, लस देऊनही रक्त गोठत नाही, तर रुग्ण वरच्या रुग्णालयात जाईल. लसीची गरज दिसत असताना ती सुरू न करता नुसती चिठ्ठी देऊन पाठवणं मला पटत नाही. वाटेतला दीड तास विषाला फुकट मिळतो.

पाठवण्याआधी डॉक्टरांनी स्वतः समोरच्या डॉक्टरांना फोन करायचा. चार वाक्यं पुरतात: रुग्ण कोण, काय झालं, आम्ही काय केलं, तुमच्याकडून काय हवं. "पस्तीस वर्षांचा पुरुष, रात्री एकला चावा, पापण्या पडल्यात, श्वासाचा आकडा पंचवीसवरून नऊवर. दहा व्हायल पावणेचारला संपल्या. व्हेंटिलेटर लागेल, पाचपर्यंत पोचतोय." चिठ्ठीवर चावल्याची वेळ, आल्याची वेळ, प्रत्येक नळीची वेळ आणि निकाल, व्हायलचा आकडा, लघवीचं माप लिहा. श्वासाचा रुग्ण असेल तर गाडीत अँबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) हाताळता येणारा माणूस हवाच, आणि ती बॅग निघण्याआधी एकदा दाबून बघा.

नातेवाइकांशी एकच माणूस बोलेल हे ठरवा. डॉक्टर एक, सिस्टर दुसरं आणि मामा तिसरं सांगू लागले की माणसं बिथरतात. कुणी भगताचा अंगारा आणला तर उशाशी ठेवू द्या, लस थांबू देऊ नका. त्यावरून भांडण काढलंत तर पुढचा रुग्ण आधी भगताकडे जाईल.

दहा मिनिटं, आणि एक फोन

रुग्ण घरी गेला किंवा पुढे गेला की त्याच आठवड्यात चहाच्या वेळी दहा मिनिटं उभ्यानं बोला. काय वेळेवर झालं, कुठे अडलं, पुढच्या वेळी काय वेगळं करायचं. "कुणामुळे" हा शब्द वर्ज्य. अडलेली एकच गोष्ट निवडा, ती कोण दुरुस्त करणार आणि कधीपर्यंत ते वहीत लिहा. आमच्या वहीतल्या नोंदी छोट्या आहेत: 'सक्शनची वायर लांब हवी', 'काचेच्या नळ्या तीनच उरल्या', 'गेटवरचा दिवा'.

मग त्या आशाताईंना फोन करा. रुग्ण त्यांनी पाठवला, त्याचं काय झालं ते त्यांना बहुतेकदा कुणी कळवत नाही. त्यांच्याकडे एक कामही सोपवायचं असतं. लस घेतल्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत काही जणांना ताप येतो, सांधे धरतात, अंगावर पुरळ उठतं, आणि माणूस ते पावसाळ्याचं दुखणं समजून अंगावर काढतो. तारीख मोजून त्यांना डायरीत लिहून घ्यायला सांगा आणि त्या दिवसांत घरी एक फेरी मारायला सांगा. रुग्णाचा मोबाइल नंबर बरेचदा शेजाऱ्याचा असतो, आशाताईंना त्याचं घर माहीत असतं.